अण्णांचा गाळा

ठाणे, रविवार

प्रिय पक्या,

काल अण्णांनी गाळ्याच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. वय 85, आता रोज येणं झेपत नाही म्हणाले. वागळे इस्टेटचा तोच गाळा आणि तोच कटिंग ऑइलचा वास. रात्री झोप लागेना, म्हणून तुला लिहायला बसलो.

ड्रॉइंगवर सही नसेल तर ते जॉब मशीनवर चढू द्यायचे नाहीत, आठवतं ना? एकदा मी भोकाचं माप तोंडीच बदललं, कागदावर लिहिलं नाही. रात्रपाळीनं जुन्या मापानं काम केलं आणि 200 नग भंगारात गेले. अण्णा ओरडले नाहीत. जवळ बसवून पंजाब सीमेवरच्या खेमकरणचं सांगितलं. 1962 च्या चीन युद्धानंतर इमर्जन्सी कमिशन, म्हणजे फौजेत अधिकाऱ्यांची तातडीची भरती निघाली, तेव्हा डिप्लोमा झालेले अण्णा मद्रासला ट्रेनिंग करून सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, अधिकारी झाले. 1965 ला त्यांच्या तुकडीनं सुरुंग पेरले. युद्धबंदीनंतर तेच पुन्हा काढायचे होते. "पेरताना नकाशात एक ओळ चुकली, की काढताना आपलाच जवान जातो," एवढंच म्हणाले. मग माप घ्यायचा व्हर्नियर फडक्यानं पुसला आणि कामाला लागले. त्या दिवसापासून मी तोंडी माप कुणाला दिलेलं नाही.

पाच वर्षांनी फौज सोडून धंद्यात आले. ते सगळं तुला ठाऊक आहेच. पण 1982 चं तुला माहीत नसेल, तू तेव्हा नाशिकला गेला होतास. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. आपलं निम्मं काम गिरण्यांच्या सुट्या भागांचं, बिलं अडकून पडली. तरी सात तारखेला पगाराची पाकिटं सगळ्यांच्या हातात. संध्याकाळी बघतो तर दारात स्कूटर नाही. विकली होती! मी विचारलं तर म्हणाले, जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताटावर बसत नाही. पुढे कितीतरी महिने चेकनाक्यापासून चालत यायचे. अशा माणसाला लोक धंद्यात कच्चा म्हणायचे, त्याचा मला अजून राग येतो.

व्हर्नियरही मलाच दिलाय. जबडे मिटले की शून्य अजून बरोबर शून्यावर बसतं.

दिवाळीला येशील तेव्हा आधी अण्णांकडे जाऊ. डाव्या कानानं कमी ऐकू येतं त्यांना, तू उजवीकडे बस.

तुझा,
बंड्या