गरोदर सिस्टर्ससाठी: औषधे हाताळताना

सर्व सिस्टर्सना नमस्कार. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर इन्चार्जना लवकर सांगा. तिसरा महिना उलटायची वाट पाहू नका, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. केमोची (कॅन्सरवरची) औषधे तयार करणे, ती लावणे आणि सांडलेली पुसणे ही कामे बदलून मागा. यात संकोच कसला?

धोका फक्त केमो वॉर्डात नसतो. मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषध सांधेदुखीच्या रुग्णालाही चालू असते. मिसोप्रोस्टॉल, फिनास्टेराइड, गॅनसायक्लोव्हिर हीसुद्धा जपून हाताळायची औषधे. यांच्या गोळ्या कुटू नका, अर्ध्या करू नका, कॅप्सूल उघडू नका. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) द्यायचे असेल तर फार्मसीकडून पातळ स्वरूपात मागवा.

केमो घेतलेल्या रुग्णाची लघवी, उलटी, चादरी किमान 48 तास औषधयुक्त समजा. दुहेरी ग्लोव्हज आणि गाऊन हवाच. साध्या सर्जिकल मास्कने औषधाची वाफ किंवा धूळ अडत नाही. सॅनिटायझरने औषध नष्ट होत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवा.

अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नोंद करा आणि आपल्या प्रसूतितज्ज्ञांना औषधाचे नाव कळवा. स्तनपान करणाऱ्यांनाही हेच लागू.