पालकसभा नुसत्या श्रेणीपुरती नको

महोदय,

प्रथम सत्राचा निकाल लागला की शाळाशाळांतून पालकसभा भरतात आणि सही करण्यापुरते प्रगतिपुस्तक हाती घेतलेले अनेक पालक श्रेणीचा रकाना पाहून तिथेच, इतर मुलांदेखत, आपल्या पाल्याची खरडपट्टी काढतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नंतर राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंदीही होऊ लागल्या. ‘वाचन अस्खलित, शाब्दिक उदाहरणांत मदत लागते’ ही एक ओळ घरी अभ्यास घेणाऱ्याला ‘ब-१’पेक्षा कितीतरी अधिक सांगते. (अर्थात, ती वर्गातल्या सर्वांना सारखीच लिहिलेली नसेल तर!) कामाच्या दिवशी सकाळी सभा ठेवल्यास रोजंदारीवरचे पालक येणार कसे? शाळांनी ती सायंकाळी घ्यावी आणि प्रत्येक पालकाला स्वतंत्र वेळ द्यावा.

– एक पालक, सातारा