नथीच्या ऑर्डरी सध्या थांबवल्या आहेत

सोलापूर, मे महिना

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

परवा फोनवर आई म्हणाली, "आवाज का असा? जमत नसेल तर सोडून दे, नथी आहेतच की." त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहीत आहे. ऐन लग्नसराईत मी नथीच्या नव्या ऑर्डरी घेणे थांबवले आहे आणि दिवाळीपर्यंत फक्त चांदीकाम शिकायचे ठरवून सराफ बाजारातल्या काकांना तसा शब्दही दिला आहे. आधी विचारले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. विचारले असते तर आईने काळजीपोटी नको म्हटले असते आणि तिचा शब्द मोडणे मला फार जड गेले असते.

या कामात मला अजून आनंद मिळत नाही, हे आईने बरोबर ओळखले. नथीत मोती चुकीचा बसला तर तार उलगडून तो पुन्हा ओवता येतो. आई, आपण दोघी दुपारी गप्पा मारत बसायचो तेव्हा किती वेळा उलगडले असेल, पण कधी जीव खालीवर झाला नाही. चांदीच्या कडीला डाख देताना, म्हणजे वितळणाऱ्या धातूच्या कणाने तिचा सांधा जोडताना, तशी सवड नसते. चांदीतून उष्णता इतक्या झटकन पसरते की नुसत्या सांध्यावर ज्योत धरून भागत नाही, आधी सगळी कडी सारखी तापवावी लागते. मग सांध्याला लावलेली सवागी, म्हणजे टाकणखार, पातळ होऊन काचेसारखी चकाकते, आणि डाखेचा कण जिकडे जास्त उष्णता तिकडे धावत सांध्यात शिरतो. त्याच वेळी ज्योत काढली तर कडी जुळते, जरा रेंगाळली तर तिचा गोळा होतो. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे मिसळलेली त्याच्या आधीच, आणि हे सारे चांदीवर चढणाऱ्या मंद लालीवरून नजरेने ओळखायचे असते. ती लाली दिसावी म्हणून खोलीत उजेड कमी, ज्योत हलू नये म्हणून छताचा पंखा बंद, आणि कामावरचे लक्ष उडू नये म्हणून बोलणेही बंद. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे कसे वाटत असेल ते तुम्हाला सांगायला नको. मला सर्वांत जड जाते ते न बोलणे.

तरीही सोडणार नाही. नथीला लागणारे मोती, खडे, तार आपण विकत आणतो आणि बांधतो. धातू मात्र आजवर माझ्या हातांनी कधी घडवला नाही. बाबा, बहात्तरच्या दुष्काळात आजीची जोंधळी पोत कुठे गेली, ते तुम्ही मला एकदाच सांगितले आहे आणि मी पुन्हा विचारणार नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे ते मणी मला चांदीत का होईना, स्वतः करून आईच्या गळ्यात घालायचे आहेत. परवा एका कडीला कानस मारल्यावर सांधा कुठे होता ते मलाच शोधावे लागले. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पुढची तार हातात दिली.

पैशांची चिंता करू नका. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातले सकाळचे हिशेबाचे काम चालूच आहे आणि घरखर्च त्यात भागतो. जेवणाचे हाल नाहीत; शेजारच्या काकू कडक भाकरी आणि शेंगांची चटणी देतात, रात्री गच्चीवर वारा असतो. काम करताना चष्मा लावते, सुती कपडे घालते, धूर ओढून नेणारा पंखा भिंतीत बसवलेला आहे. बोटाला किरकोळ चटका बसला होता, तो बराही झाला.

लहानपणी माझी माळ तुटली की बाबा पलंगाखाली विजेरी धरून शेवटचा मणी मिळेपर्यंत शोधत असत आणि तोवर आई मला मांडीवर घेऊन बसत असे. हल्ली संध्याकाळी हात दुखले की तुम्हा दोघांची तशीच आठवण येते.

आता माझे ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. आईने गुडघे दुखत असताना दादाच्या घरचे जिने दिवसातून पुन्हा पुन्हा चढू नयेत. भाजी वहिनी आणतील, त्यांना तसे मी सांगितले आहे. डोळ्यांची तपासणी या महिन्यातच करून घ्या आणि मला कळवा. दसऱ्याला हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येईन, तेव्हा सगळे चिमटे, कानस घेऊन येते. आई, तू शेजारी बस, फक्त ज्योत पेटलेली असताना माझ्याशी बोलू नकोस.

तुमची,
धाकटी