ताण्यासाठी म्हणून विकलेले एकपदरी सूत: परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

तुमच्याकडून अर्धा किलोचा सुती कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेले सूत, घेतला. लेबलवर छापले आहे, '२/२०, दुपदरी, ताण्यासाठी योग्य'. म्हणजे २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, मागावरच्या उभ्या धाग्यांना (ताण्याला) चालणारे सूत. आतले सूत दुपदरी नाही.

मी हौसेखातर विणते, घरी छोटा माग आहे. ४० सेंटीमीटर पन्ह्याच्या ओढणीसाठी ४०० धाग्यांचा ताणा काढला. एकेक धागा ओवून फणीतून (धागे वेगळे ठेवणाऱ्या दातेरी पट्टीतून) घेण्यात तीन संध्याकाळी गेल्या. विणायला बसले आणि वीतभर कापड होईपर्यंत २३ धागे तुटले, सगळे फणीपाशीच. फणीच्या दातांवर कापसाची लव साचली होती. तुटका धागा जोडायचा, पुन्हा ताण जुळवायचा, आडवा धागा नेणारा धोटा दोनदा फेकला की शेजारचा तुटायचा. शेवटी धोटा बाजूला ठेवला.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, 'ताण कमी करा, जाडी लेबलप्रमाणेच आहे.' जाडी जुळणारच! नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, म्हणून १० नंबरचे एकपदरी सूत आणि २/२० चे दुपदरी सूत यांची जाडी जवळपास सारखीच असते. वजनाला लांबीही तेवढीच भरते. फरक पदरांत असतो. बोटभर धागा दोन्ही टोकांना धरून पिळाच्या उलट फिरवा. दुपदरी असेल तर दोन पदर सुटे होतात. तुमचा धागा सुटला तो थेट कापसात, आणि हातात दोन तुकडे आले.

एकपदरी सूत वाईट नसते. खळ दिली तर ताण्यालाही चालते, बाण्याला (आडव्या धाग्यांना) तर हेच छान बसेल. पण मग लेबलवर तसे लिहा.

'कोन उघडला असेल तर परत घेत नाही' हा तुमचा नियम इथे लावू नका. पदर किती आहेत हे बंद वेष्टणातून कसे कळावे?

कोनाची पूर्ण रक्कम परत मिळावी आणि याच खेपेतले उरलेले कोन तपासावेत. बदली कोन नको. पावती, लेबलचा फोटो आणि उलगडलेल्या धाग्याचा फोटो सोबत जोडला आहे. आठ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

उरलेला कोन केव्हाही घेऊन जा. ताणा मात्र मी मागावरून कापून काढला आहे, तो परत देता येणार नाही.

आपली,
एक ग्राहक