जर्मनीचं घ्यायचं ते मालकाकडून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘शाळेतच व्यवसाय शिकवा, जर्मनीसारखं करा’ अशी पत्रं हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. हिंगणा एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. चांगल्या कारागिराची टंचाई मला रोज भोवते. तरीही जर्मनीचं नेमकं काय आणायचं, ते आधी पाहावं.

तिथं बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. 1964 च्या हॅम्बुर्ग करारानं आलेली हाउप्टशूल मुलांना नववी-दहावीपर्यंत शिकवून कामधंद्याच्या वाटेला लावायची. पुढं ज्याला जमलं त्यानं पोराला रेआलशूल या मधल्या शाळेत किंवा विद्यापीठाकडं नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये घातलं. मागं राहिली ती बहुतांशी गरिबांची आणि परदेशातून आलेल्यांची मुलं. बर्लिन, हॅम्बुर्गनं 2010 मध्ये हाउप्टशूल इतर शाळांत मिसळून टाकली. आपल्याकडं तर जात आयतीच हजर. चौथीत गाळणी लावली तर खाली कोण राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

घेण्यासारखं आहे ते शाळा संपल्यानंतरचं. मुलगा कंपनीशी करार करतो. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसाय शाळेत. विद्यावेतन कंपनी देते, परीक्षा उद्योग किंवा कारागीर मंडळ घेतं. 1969 पासून त्याला देशभराचा कायदा आहे.

आपला अप्रेंटिस कायदा 1961 चा, म्हणजे त्याहून जुना! पण अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर, हीच आम्हा मालकांची समजूत. परवा टर्नरचं, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचं, सर्टिफिकेट घेतलेला एक पोट्टा आला. शाफ्टचं माप घ्यायला दिलं, तर मायक्रोमीटरचं (बारीक माप घ्यायच्या हत्याराचं) रॅचेट, म्हणजे टोकाची घसरती कळ, सोडून थिंबल, म्हणजे फिरती नळीच, पिळत होता. माप दर वेळी दोन शतांश मिलिमीटर कमी. ‘रॅचेट काहून असते सर?’ दाब एकसारखा राहावा म्हणून, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत हात बसला.

आता छोट्या वर्कशॉपला शिकवण्यासाठी एक लेथ आणि एक मिस्त्री अडकवून ठेवणं परवडत नाही. जर्मनीत अशा छोट्यांसाठी कारागीर मंडळांची सामायिक प्रशिक्षण केंद्रं असतात. हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजकांनी मिळून तसं एक शेड उभारावं. माझा जुना ऑलगिअर (गिअरवर वेग बदलणारा) लेथ मी द्यायला तयार आहे, आठवड्यातून एक दिवस मिस्त्रीही पाठवीन. जागेचं मात्र एमआयडीसीनं बघावं.

आपला,
एक वर्कशॉपचालक, नागपूर