पावसाळ्याआधी टायर बदलतोयस म्हणून

पुणे,
मे महिन्याची अखेर

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

चाकणची नोकरी पक्की झाली आणि कोथरूडला जागाही मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. आता इतक्या वर्षांनी आपण पुन्हा एका गावात! नव्या घराचं, सामानाचं प्रत्यक्ष भेटीत बोलू. हे पत्र फक्त तुझ्या टायरच्या प्रश्नावर लिहितोय, कारण तो मला बाकी सगळ्यापेक्षा निकडीचा वाटला.

पल्सरचा मागचा टायर झिजून गोटा झालाय, आता घ्यायचाच आहे तर जरा रुंद घेतो, गाडी भरलेली दिसेल आणि ग्रिपही वाढेल, असं तू लिहिलंयस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रुंद टायर घेऊ नकोस. गाडीला कंपनीने दिलेलं मापच ठेव, पुढचा टायरही सोबत बदल आणि हवा दर आठवड्याला स्वतः तपासत जा. या तिन्हीतलं हवेचं काम सर्वात मोठं आहे.

टायरचं रबर गाडीचा भार फारसा पेलत नाही, तो आतली हवा पेलते. तुझ्या मागच्या टायरला २८ पीएसआय हवा लागते. पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, २८ म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. गाडी आणि तू मिळून मागच्या चाकावर ढोबळमानाने १३० किलो येतात असं धर. भागाकार केलास तर ६५ चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकलेली असते. टायर रुंद केलास तरी वजन तेच आणि हवा तीच, त्यामुळे ही जागा म्हणावी तशी वाढत नाही, फक्त तिचा आकार बदलतो. ग्रिप वाढवायची तर चांगलं रबर आणि बरोबर हवा हे दोनच मार्ग आहेत.

तुझ्या मागच्या टायरवर १००/९०-१७ असं लिहिलेलं असेल. १०० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे त्या रुंदीच्या ९० टक्के उंची आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. पुढे ५५ पी असेल, त्यातला ५५ हा वजनाचा आकडा. तो २१८ किलोंचा असतो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर घेताना वजन आणि वेग, दोन्ही याहून कमी चालणार नाहीत. त्या रिमवर १२०चा टायर चढवला तर तो दोन्ही कडांनी आत ओढला जातो आणि मधोमध उंच होतो. गाडी वळणात नीट झुकत नाही, मायलेज पडतं, कधी टायर चेनच्या कव्हरलाही घासतो. दिसायला दणकट आणि चालवायला वाईट, अशी गाडी मला तुझ्याकडे बघायची नाही.

आता तुझा रस्ता. चांदणी चौकातून बायपासला लागायचं, पुढे नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. एका बाजूला पस्तीसेक किलोमीटर, त्यातलं बरंचसं सरळ आणि कंटेनरच्या सोबतीने. सरळ रस्त्यावर सतत चालवलेला टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि कडा नव्यासारख्या राहतात. तुझ्या जुन्या टायरचं हेच झालंय. अशी गाडी वळणात हळूहळू झुकत नाही, एकदम कडेवर पडते. कोरड्यात ते निभावतं, ओल्यात निभावत नाही. म्हणून मधल्या पट्ट्यात रबर जरा टिकाऊ आणि खाचा खोल असलेला, रस्त्यावरचा साधा टायर तुला हवा. मोठमोठ्या ठोकळ्यांचे ऑफरोड टायर डांबरावर गुरगुरतात आणि ओल्या सिमेंटवर त्यांचा भरवसा नसतो. अगदी मऊ रबराचे स्पोर्ट टायर सुरेख पकडतात, पण रोजच्या सत्तर किलोमीटरला लवकर संपतील आणि खर्चाला घाबरून तू ते गोटा होईपर्यंत ओढशील. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस, अपोलो, मिशलिन, सगळ्यांकडे या मापात रोजच्या वापराचे टायर असतात. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. सिलिका मिसळलेलं रबर मिळत असेल तर ते घे, थंड आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड चांगली असते.

पुण्याचा पाऊस तू पाहुणा म्हणून अनुभवला आहेस, रोजचा नाही. जूनच्या पहिल्या सरीत डांबरावर साचलेलं तेल वर येतं आणि अर्धा तास रस्ता साबणासारखा असतो. सिग्नलचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेल्या पत्र्याच्या प्लेटा, पेव्हर ब्लॉक, रस्त्यावर सांडलेल्या गुलमोहोराच्या पाकळ्या, या सगळ्यांवर चाक सुटतं. विसर्जनानंतर पेठांतल्या रस्त्यांवर गुलाल आणि पाणी मिसळून जो चिखल होतो, त्यावर तर मी दुचाकी काढतच नाही. ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात जाशीलच, तू थांबणाऱ्यातला नाहीस. तिथे रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, वळणात कड धरून जाऊ नकोस. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठीच असतात. कायद्याने दुचाकीला ०.८ मिलिमीटर खोली पुरते, पण इतकी खाच या पावसात पाणी फेकू शकत नाही. २ मिलिमीटरच्या आसपास आली की पावसाळ्याआधी टायर काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात त्यांच्या रेषेत. रबर त्यांच्या पातळीला आलं की मग विचार करायलाही वेळ नसतो.

पुढच्या टायरबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. बहुतेक लोक मागचा बदलतात आणि पुढचा अजून दिसतोय बरा म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं. गाडी थांबते ती मुख्यतः त्याच्याच जोरावर, आणि ते घसरलं तर सावरायला संधी मिळत नाही. मागचं चाक घसरलं तर निदान गाडी हातात राहण्याची शक्यता असते. तुझा पुढचा टायर किती जुना आहे ते आजच बघ. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात, २३२१ असेल तर २०२१ सालचा २३वा आठवडा. रबर न वापरताही उन्हाने, हवेने कडक होतं. पाच वर्षं झाली असतील आणि कडेला बारीक चिरा दिसत असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो टायर गेला. दुकानात नवा घेतानाही हेच आकडे आधी वाच. आयएसआयची खूण बघ. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नकोस. पैसे वाचवायला दुसऱ्या शंभर जागा आहेत.

बसवताना समोर उभा राहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा बसला तर पाणी नीट फेकलं जात नाही. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ यायला हवा. तुझी अलॉय व्हील ट्यूबलेस आहेत, तेव्हा रबरी व्हॉल्व्हही नवा टाकून घे, जुना व्हॉल्व्ह चिरला की हवा हळूहळू जाते आणि कारण सापडत नाही. टायर मशिनवर चढवणारा दुकानदार गाठ, पान्याने ओढाओढ केली की रिमची कड खरवडते आणि तिथून हवा गळते. मागचं चाक परत लावल्यावर चेनचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतात का, ते बघ. नंतरचे शे-दीडशे किलोमीटर गाडी सांभाळून चालव. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, रस्त्याला घासल्याशिवाय पकड येत नाही. जोरात ब्रेक नको, फार झुकवणं नको.

हवेचं पुन्हा लिहितो, कारण तिथेच आपण सगळे ढिलाई करतो. पल्सरला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट ३२. गाडीच्या पुस्तिकेतले आकडे बघून पक्कं कर. वहिनी मागे बसल्या की भार मागच्या चाकावर येतो, म्हणून ३२. सिंहगडला निघताना हे आठवणीने कर. हवा टायर गार असतानाच मोजायची. चाकणहून येऊन लगेच मोजलीस तर आकडा चढलेला दिसेल, तो बघून हवा कमी करू नकोस. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब एक-दीड पीएसआयने पडतो, म्हणजे मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी कमीच भरते. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथले मीटर एकसारखे नसतात. एक छोटा मीटर विकत घे आणि कायम त्याच्यावर विसंब. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नकोस, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कमी हवेचा टायर कडांनी झिजतो, तापतो, खड्ड्यात रिम वाकते. जास्त हवेचा टायर मधोमध झिजतो आणि खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो.

भोसरीच्या आतल्या रस्त्यांवर लेथमधून निघालेला लोखंडी कीस पडलेला असतो, तो टायरमध्ये घुसतो. आठवड्याला हवा बघताना चाक फिरवून नक्षीत अडकलेलं काही दिसतंय का तेही बघ. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा हळू जाते. खिळा तसाच ठेवून जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा. मधल्या पट्ट्यातलं पंक्चर भोकात रबरी दोरी ठासून निघतं, नंतर वेळ काढून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं ठिगळ, लावून घे. टायरच्या भिंतीला छेद गेला असेल तर तो टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरवाल्याने किती खात्री दिली तरी तसा वापरू नकोस. आणखी एक, वॉशिंग सेंटरवाले गाडी चमकावी म्हणून शेवटी डिझेलचा फवारा मारतात. त्यांना आधीच सांग, चाकांवर आणि डिस्कवर थेंबही नको. डिझेलने रबर खराब होतं आणि त्या दिवशीचा पहिला ब्रेकही धोक्याचा ठरतो.

राहिला प्रश्न गाडी इथे आणण्याचा. त्या गोट्या टायरवर कोल्हापूरहून खंबाटकी ओलांडून येऊ नकोस, विशेषतः सामान बांधून. रेल्वेने पार्सल कर. टाकी रिकामी करून द्यावी लागते एवढंच. इथे उतरली की टेम्पोने थेट नाना पेठेतल्या टायरच्या दुकानांकडे नेऊ. सकाळी दुकानं उघडता उघडता गेलो तर निवांत बघता येईल, दोन-तीन ठिकाणी तारखा वाचून मगच घेऊ. कुठल्या दिवशी येतोयस ते चार दिवस आधी कळव, म्हणजे मला रजा टाकता येईल. येताना गाडीची पुस्तिका सामानात खाली जाऊ देऊ नकोस, हाताशी ठेव.

काकांना आणि काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की इथे मंडई जवळ आहे. छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
मिल्या