पहिलं पेडल कॉम्प्रेसर? जरा थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तरुणांच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात नवीन गिटारवाल्यांनी कुठली पेडल्स (गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायच्या, पायाने चालू-बंद करायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्या) घ्यावीत यावर लेख आला होता, तो वाचून हे लिहितोय. मराठी पेपरात या विषयाला कोणी अर्धं पान देतंय हेच खूप आहे, त्याबद्दल आधी आभार. पण यादीत एक नंबरला कॉम्प्रेसर टाकलाय आणि कारण दिलंय की आवाज भरदार होतो, सस्टेन वाढतो म्हणजे सूर जास्त वेळ टिकतो, आणि हात सफाईदार वाटतो. यातलं धड काहीच खोटं नाही आणि तिथेच घोळ आहे, कारण एवढंच वाचून पोरं दुकानात जाणार, घरच्यांचे ८-१० हजार घालवणार आणि महिन्याभरात तेच पेडल अर्ध्या किमतीत विकायला काढणार. सेकंडहँड पेडल्सच्या ग्रुपवर कधीही बघा, कॉम्प्रेसर असतोच, आणि खाली लिहिलेलं असतं 'फारसा वापरलेला नाही'.

मी पुण्यात बेस, म्हणजे जाड तारांची खालच्या सुरांची गिटार, वाजवतो, ऑर्केस्ट्रा, लग्नाचं संगीत, कॉलेजचे बँड, जे मिळेल ते, आणि थोडंफार शिकवतो. त्यामुळे या डब्याशी रोजचा संबंध आहे.

कॉम्प्रेसर करतो काय, तर जोरात आलेला सूर खाली दाबतो. तेवढंच. एक पातळी ठरलेली असते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात, आवाज तिच्या वर गेला की ठरलेल्या प्रमाणात कमी होतो, त्या प्रमाणाला रेशो म्हणतात. रेशो ४:१ असेल आणि तुम्ही थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर मारलंत तर बाहेर येताना तो ३ डेसिबलच वर असतो, मधले ९ गेले. आता मोठे सूर दबल्यामुळे एकूण आवाज बारीक झाला, म्हणून शेवटी आउटपुटचा नॉब फिरवून सगळंच्या सगळं वर उचलायचं. लोकांना ऐकू येतो तो नेमका हा शेवटचा उचलण्याचा भाग! दोन आवाजांपैकी किंचित मोठा असेल तो आपल्या कानाला चांगला वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, त्यात अडाणीपणा काही नाही. म्हणून दुकानात पेडलवर पाय पडला की 'वा, काय भरलाय आवाज' असं होतं, आणि तो भरलेला असतो नुसत्या व्हॉल्यूमने, जो ॲम्पवर फुकट मिळतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने बॉस कंपनीचा सीएस-३ कॉम्प्रेसर घेतला. चांगलं पेडल आहे, १९८६ पासून बनतंय, चार नॉब, लेव्हल, टोन, अटॅक आणि सस्टेन. पठ्ठ्याने सस्टेन फुल्ल आणि लेव्हल घड्याळातल्या तीनच्या काट्यावर ठेवलेली. हातात फेंडर स्ट्रॅटच्या धर्तीची सिंगल कॉइल गिटार, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या पिकअपमध्ये एकच गुंडाळी असलेली, आणि वाजवायचं थांबला की ॲम्पमधून जुन्या फ्रिजसारखी घरघर हळूहळू वर यायला लागायची. मी सस्टेन नऊच्या काट्यावर आणला आणि लेव्हल अशी लावली की पेडल चालू आणि बंद, दोन्हीला आवाज सारखाच वाटला पाहिजे. दोन-चार वेळा पाय दाबून बघितलं आणि म्हणतो, 'सर, आता तर काहीच होत नाहीये.' म्हटलं, आता कॉर्ड तोडून तोडून वाजव, एक स्ट्रोक हलका, एक जोरात. मग त्याला कळलं की हलके स्ट्रोक आता गायब होत नाहीयेत आणि जोरातले टोचत नाहीयेत. कॉम्प्रेसरचं काम इतकंच असतं आणि ते असं लाजत लाजतच ऐकू येतं. चालू-बंद सारख्या आवाजाला लावून मगच ठरवा, हे एक वाक्य त्या लेखात हवं होतं, बाकी सगळं नसतं तरी चाललं असतं.

त्या घरघरीचं कारणही सांगतो, कारण आपल्याकडे हा त्रास जास्त आहे. सिंगल कॉइल पिकअप लाईटच्या ५० हर्ट्झची हम, म्हणजे तीच घरघर, पकडतोच. तुम्ही शेवटी १२ डेसिबल उचललेत तर सूर वाजत नसताना ती हमही पूर्ण १२ डेसिबल वर येते, म्हणजे व्होल्टेजमध्ये चौपट. मोठा सूर चालू असतो तोवर कॉम्प्रेसर दाबून धरतो, सूर विरायला लागला की दाब सोडतो, आणि त्याबरोबर मागची हम फुगत जाते. घरात ठीक, पण गणपतीच्या मांडवात जनरेटरवर, अर्थिंगचा पत्ता नाही, शेजारी एलईडीची माळ, डिमर, तिथे हा फुगा सगळ्या गल्लीला ऐकू जातो. आणि मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, जवळ असेल तर बारीक आवाज वर उचलल्यामुळे फीडबॅकची शिट्टी लवकर वाजते हे वेगळंच.

आता गिटारवाल्यांना हा पहिल्या नंबरला का नको, तर नवीन मुलं बहुतेक डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, लावूनच वाजवतात, आणि डिस्टॉर्शन स्वतःच जबरदस्त कॉम्प्रेशन असतं. लाटेचं डोकंच कापलं जातं तिथे आणखी दाबायला उरतं काय? डिस्टॉर्शनच्या नंतर कॉम्प्रेसर लावलात तर नुसता खरखराट वर येतो. लावायचाच तर आधी लावा. त्याचा खरा उपयोग क्लीन आवाजाला, फंकच्या कॉर्ड्सना, तारेवर नळी घासून वाजवायच्या स्लाईडला, आणि एकेक सूर लांब गायला लावायचा असेल तेव्हा. पिंक फ्लॉइडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोर, त्याच्या पेडलबोर्डावर एमएक्सआर कंपनीचा लाल डायना कॉम्प हा कॉम्प्रेसर असायचा, नंतर बॉसचा सीएस-२, हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या हाताचं काय करणार. तो लाल डबा ७० च्या दशकातला, नॉब दोनच, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी, आत एक छोटी चिप, सीए३०८०, तिला जितका करंट द्याल तितकं ती सिग्नल वाढवते आणि काढून घेतला की कमी करते. ती चिप बनणं कधीच बंद झालं, पण एलएम१३७०० घेऊन तसंच सर्किट करता येतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना सुचवेन की मिनी प्रोजेक्टला तेच ते लाईन फॉलोअर (रेषेवरून चालणारा रोबो) करण्यापेक्षा हे करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, पोटेन्शिओमीटर आणि डबी सगळं मिळतं.

बेसवाल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि लेखात बेसचा उल्लेखच नाही, हे मला खटकलं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये माणसाचा कान कुठल्या पट्टीला किती ऐकतो याच्या रेषा काढल्या, त्यात खालच्या सुरांकडे रेषा एकमेकींच्या जवळ येतात. म्हणजे बेसच्या पट्टीत आवाज थोडासाच वरखाली झाला तरी कानाला तो फरक खूप मोठा वाटतो. गिटारवाल्याचा एक स्ट्रोक हलका पडला तर खपून जातं, आमचा एक सूर हलका पडला की गाण्यात खड्डा पडतो. त्यात भर म्हणजे चारही तारा सारख्या बोलत नाहीत, आणि स्लॅप करताना अंगठ्याचा फटका बोटांच्या वाजवण्यापेक्षा कितीतरी वर जातो. म्हणून बेसला कॉम्प्रेसर हा शौक नाही, कामाची वस्तू आहे. मी ३ ते ६ डेसिबल दाब ठेवतो, जोरातल्या सुरांवरच, एरवी दिवा पेटलाच नाही पाहिजे. एमएक्सआरच्या एम८७ सारख्या पेडलवर किती दाबलं जातंय ते दाखवणारे दिवे असतात, शिकणाऱ्याने दिवेवालाच घ्यावा असं माझं मत, कारण सुरुवातीला कानाला कळत नाही आणि डोळ्याला कळतं.

पण बेसवर हा डबा चुकीचाही फार पटकन लागतो. उघडी ई म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ, एक लाट पुरी व्हायला २४ मिलिसेकंद लागतात, पाच तारांच्या बेसची खालची बी ३१ हर्ट्झ, तिला ३२ मिलिसेकंद. अटॅक म्हणजे दाबायला किती वेळ घ्यायचा आणि रिलीज म्हणजे सोडायला किती. हे दोन्ही अगदी फास्ट केलेत तर कॉम्प्रेसर सुराच्या ऐवजी त्या एकेका लाटेवरच चढउतार करायला लागतो आणि खालचे सूर फाटतात. पोरं म्हणतात स्पीकर गेला, ॲम्प उघडून बसतात, आणि चूक असते त्या नॉबची. अटॅक शून्यावर आणलात तर दुसरी गंमत, बोटाचा तो सुरुवातीचा 'टक्' दाबला जातो आणि बेस उशीसारखा मऊ होऊन ड्रमच्या मागे लपतो. मी अटॅक २०-४० मिलिसेकंदाच्या आसपास ठेवतो म्हणजे टक् सुटून जातो आणि मागचं अंग दाबलं जातं. अर्थात ज्या पेडलवर हे नॉबच नाहीत तिथे कानावर सोडायचं. आणि ऑटो-वा (तुमच्या जोराप्रमाणे 'वा-वा' करणारं पेडल) असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी, त्याला तुमचा जोर-हलका हवा असतो, सपाट केलेला सूर दिलात तर तो झोपूनच राहतो. ऑक्टेव्हचं, म्हणजे सुराला वरच्या-खालच्या सप्तकाची जोड देणाऱ्या पेडलचं, उलट, त्याला कॉम्प्रेसरमधून आलेला सपाट सूरच आवडतो.

आता स्टेजवरचं बोलतो, कारण खरी तक्रार तिथली आहे आणि ती आपल्या पेपरातून लोकांपर्यंत जावी अशी इच्छा आहे. हल्ली छोट्या साउंडवाल्याकडेही एक्स३२ सारखा डिजिटल मिक्सर असतो, त्याच्या प्रत्येक चॅनलवर कॉम्प्रेसर बसलेलाच असतो, आणि बेसचा डीआय (बेसची थेट मिक्सरला जाणारी लाईन) दिसला की बरेच जण न ऐकताच जुनं सेव्ह केलेलं सेटिंग टाकून मोकळे होतात. म्हणजे माझ्या पेडलवर एकदा, मिक्सरवर एकदा, आणि शेवटी सिस्टीमच्या लिमिटरवर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच न देणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्यांदा. तीनदा दाबलेल्या बेसचं होतं काय की मी हलकं वाजवो वा जोरात, बाहेर एकच पट्टा येतो, आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पडला की लिमिटर सगळ्यालाच खाली ढकलतो, गाणाऱ्याचा आवाजसुद्धा दर ठोक्याला दचकतो. लोकांना वाटतं गायक दमला. प्रेक्षकांत बसलेले काका म्हणतात की हल्लीच्या ऑर्केस्ट्रात नुसता धम्म धम्म ऐकू येतो, बेसचा सूर कळत नाही, आणि काका शंभर टक्के बरोबर असतात.

यावर उपाय अवघड नाहीये, साउंडचेकला बेसवाल्याला एकट्याला दोन मिनिटं द्यायची, त्याने सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जोरात दोन्ही वाजवून दाखवायचं आणि साउंडवाल्यादादाने त्याला विचारायचं की तू पेडल लावलायस का, असेल तर माझा काढतो. पण कॉलेजच्या स्पर्धांत आयोजक एका बँडला चढायला-उतरायला मिळून दहा मिनिटं देतात, त्यात ड्रमचं होतं, गायकाचं 'हॅलो चेक' होतं आणि बेसवाला केबल लावून उभाच. मंडळांना, आयोजकांना एवढीच विनंती की लाइटिंगला जाणारा थोडा वेळ इकडे वळवा. 

काही जुनी मंडळी म्हणतात की कॉम्प्रेसर म्हणजे लबाडी, हात चांगला असेल तर लागत नाही. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन एका बोटाने वाजवायचा, जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर, पायाखाली डबे नव्हते, हे खरंच आहे. पण एफएमवर जो निवेदकाचा आवाज सकाळी ऐकता तो आणि बातम्या देणारा, दोघेही कॉम्प्रेसरमधूनच येतात, त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. सराव मात्र पेडल बंद ठेवूनच करावा, याबाबत मी त्या मंडळींच्या बाजूने. घरी चालू ठेवून सराव केला तर हात किती वाकडा चाललाय ते कळतच नाही.

नवीन मुलांनी पैसे घालवायच्या आधी आणखी एक करावं. एखादी तार जास्त ओरडते, एखादी दबते असं वाटत असेल तर स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पिकअपची उंची बघा, दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. जाड तारांकडची बाजू किंचित खाली, बारीककडची किंचित वर, पाव-पाव फेरा फिरवत वाजवून बघायचं. निम्म्या लोकांचा कॉम्प्रेसर इथेच वाचतो असा माझा अंदाज आहे. पिकअप तारांच्या फार जवळ मात्र नेऊ नका, त्याचं चुंबक तारेला ओढतं आणि सूरच बिघडतो.

शेवटी एक दुरुस्ती, ती तरी कृपया छापाच. लेखात म्हटलंय की पेडलला घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर चालतो. तसं नाहीये. बहुतेक पेडल्सना पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह लागतं आणि वायफाय राउटरबरोबर येणाऱ्या अडॅप्टरला मध्यभागी सहसा पॉझिटिव्ह असतं. पिन बरोबर बसते म्हणून लोक बिनधास्त लावतात, पेडलमध्ये संरक्षणाचा डायोड असला तर वाचतं, नाहीतर नवंकोरं पेडल पहिल्याच दिवशी रिपेअरला. अडॅप्टरवर आणि पेडलच्या सॉकेटजवळ गोलाचं छोटं चिन्ह छापलेलं असतं, प्लस-मायनस दाखवणारं, ते दोन्हीकडचं जुळतंय का बघूनच लावा.

आपला,
एक बेसवाला वाचक
कोथरूड, पुणे